उघडण्याची हाक

नंदुरबारहून धानोऱ्याकडे जाताना गाव संपलं की डाव्या हाताला मिरचीच्या पथाऱ्या लागतात. नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत तिथली जमीन लाल असते. नवखा माणूस गाडी थांबवून फोटो काढतो आणि दोन मिनिटांत शिंकत, डोळे पुसत निघून जातो. माझं घर रस्त्याच्या पलीकडे. निवृत्तीनंतर मी इथे प्लॉट घेतला तेव्हा माझी बहीण म्हणाली होती, जन्मभर खडूची धूळ खाल्लीस, आता मिरचीची खा. खातो आहे.

पथारीवरची मिरची ओली येते. ती पसरायची, दिवसातून दोनदा पालटायची, आठ-दहा दिवसांत खडखड वाजू लागते. या दिवसांत तिचे वैरी दोन. एक पाऊस, आणि दुसरी ताडपत्री. पावसात भिजली तर बुरशी येते. पण अर्धी ओली मिरची ढीग करून झाकून ठेवली, तरी ती आतल्या आत उकडते, रंग जातो, पांढरे-पिवळे डाग पडतात. अशा मिरचीला फटकी म्हणतात. म्हणजे झाकलं नाही तरी मरण, आणि उगाच झाकलं तरीही.

म्हणून पथारीवर हाक देणारं माणूस एकच असतं. झाकायची हाक त्याची, उघडायची हाकही त्याचीच. मध्ये कुणी ताडपत्रीवरच्या दगडाला हात लावायचा नाही. शेजारच्या चार-पाच पथाऱ्याही त्याच हाकेवर चालतात. रीत कुणी घालून दिली ठाऊक नाही, पण कारण समजण्यासारखं आहे. सगळ्यांनी आपापल्या मनाने आभाळ वाचायला घेतलं तर भांडणातच मिरची भिजेल.

हेमकांत शेठच्या पथारीवर ही हाक नऊ वर्षं सुंदरबाईची होती.

सुंदर धानोऱ्याच्या शाळेत माझ्याकडे सातवीला होती. चाळीस वर्षं झाली. ढगांचा धडा शिकवायला मी नंदुरबारहून भुशात गुंडाळलेला बर्फ सायकलवर नेला होता. पोहोचेपर्यंत निम्मा उरला. काचेच्या बरणीत गरम पाणी, तोंडावर स्टीलची ताटली, ताटलीत बर्फ. बरणीत काहीच दिसेना. पोरं हसायला लागली. मग जळती उदबत्ती क्षणभर आत धरली, थोडा धूर सोडला आणि ताटली परत ठेवली. बघता बघता बरणीच्या गळ्याशी पांढरं काहीतरी फिरू लागलं. मी सांगितलं, वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती तापीवरून, शेतातून, झाडाच्या पानांतून सारखी वर जात असते. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा पसरते, आणि पसरली की थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही, तिला पाणी व्हावं लागतं. पण पाणी व्हायला तिला बसायला जागा लागते: धुळीचा कण, धुराचा कण, समुद्रावरून आलेला मिठाचा कण. असे कोट्यवधी थेंब, इतके बारीक की खाली पडतच नाहीत, म्हणजे ढग.

सुंदरने हात वर केला. “गुरुजी, मंग आमना चूल्हाना धूरनाबी ढग व्हत व्हई?”

होत असेल, म्हणालो. दिवसभर ती खूष होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली, पण आभाळाकडे बघण्याची सवय सुटली नाही. पथारीवर ती देठ खुडायला आली, तेव्हा हाक म्हाताऱ्या उदेसिंगची होती. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तो तिला विचारू लागला, “वर काय दिसस वो?” ती सांगायची, तो हाक द्यायचा. तो गेला तेव्हा हाक आपोआप तिच्याकडे आली.

मी शिकवलेली नावं तिला आठवत होती, पण वापरायची स्वतःची. फार उंचावरचे, बर्फाच्या सुयांचे, धाग्याधाग्यांचे ढग म्हणजे पिंजण; पिंजलेल्या कापसासारखे. सगळं आभाळ एकसारखं करडं झाकून टाकणारा थर म्हणजे गोधडी. मधल्या उंचीवर रांगेने चालणारे लहान पांढरे गोळे म्हणजे मेंढरं. सपाट बुडाचे, दुपारी उन्हाने फुगणारे ढग म्हणजे लाह्या. आणि लाह्यांचा ढीग चढत चढत इतका वर गेला की त्याचं डोकं वरच्या थराला अडून सपाट पसरतं, तो वीज घेऊन येणारा ढग म्हणजे ऐरण. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. तिची नावं पुस्तकातल्या नावांपेक्षा अचूक होती.

आता डिसेंबरचं सांगतो, कारण सगळं वैर तिथून सुरू झालं.

त्या आठवड्यात आधी पिंजण आलं, मग त्यावर दुधी पडदा, आणि सूर्याभोवती खळं पडलं. दुपारनंतर गोधडी. अशा क्रमाने ढग खाली उतरू लागले तर एक-दोन दिवसांत पाऊस येतो, हे खरं आहे. मीही तेच म्हटलं असतं. सुंदरने हाक दिली. पाच पथाऱ्या झाकल्या गेल्या.

पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही गोधडी तशीच, पण उजेड वाढलेला, वारा कोरडा. मी फिरायला गेलो होतो. म्हटलं, “सुंदर, उघडायचं का?”

“संध्याकायलोंग दखू, गुरुजी.”

ती ढगाकडे बघत नव्हती, त्याची वाट बघत होती. चुकलेलं उत्तर खोडायला न धजणारं पोर मला लांबून ओळखू येतं. तेव्हा मी जोर करून बोलायला हवं होतं. बोललो नाही. संध्याकाळ गेली, रात्र गेली, तिसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं तेव्हा तिने उघडायची हाक दिली. ताडपत्री ओढल्याबरोबर आंबूस वाफ अंगावर आली. ढिगांच्या पोटात मिरची काळी पडली होती, कडेला पांढरी.

झाकण्याची चूक कुणाकडूनही झाली असती. दोन दिवस झाकून ठेवण्याची चूक तिची होती, आणि ती तिने आभाळासाठी नाही, स्वतःच्या शब्दासाठी केली होती.

फटकी निवडायचं काम पडलं धडगावकडून आलेल्या बायांवर. दरवर्षी त्या हंगामापुरत्या येतात, पथारीच्या कडेला झोपड्या बांधून राहतात. त्यांची पुढारीण रूपलीबाई; हाडापेराने बारीक, बोलायला तोडून टाकणारी. घरची बोली पावरी, पण पथारीवर ती अहिराणी बोलते. सडकी मिरची सुक्या मिरचीपेक्षा जास्त भाजते. अठरा दिवस त्या बाया सकाळपासून अंधार पडेपर्यंत निवडत बसल्या. बोटांची सालं निघाली. रूपलीबाईची मुलगी सोनम तिथेच सहा महिन्यांचं बाळ घेऊन होती. त्या अठरा दिवसांत आजीने नातवाला एकदाही उचललं नाही. हात त्याच्या डोळ्यांना लागतील म्हणून.

हा राग खोटा आहे असं मी कसं म्हणू?

पण रागाला पुढे पाय फुटतात. पथारीच्या कडेला सुंदरची खाट असायची, तिथे बसून ती आभाळ बघायची; मुकादम नथ्थू रोज सकाळी त्या खाटेच्या पायाला एक मोडकी छत्री टांगून ठेवू लागला. “काय वो सुंदरबाई, आज येस का पानी? का आजबी फक्त तुन्हा घर येई?” बाया हसायच्या. जेवायला गोल बसत तेव्हा गोल असा जमायचा की तिच्यापुरतीच जागा उरायची नाही. ती खाटेवर एकटी भाकरी खायची. शेजारच्या पथारीवरची पोरं तिला बघून आभाळाकडे हात करत आणि “झाका रे झाका” ओरडत पळत. रूपलीबाई यातलं काही करत नसे. सुंदर समोरून आली की ती थुंकायची आणि कामाला लागायची.

सुंदरने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. पण एकदाही चुकले असंही म्हणाली नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, “ढग फसाडी गया.” ढग फसवून गेला. ते ऐकून बाया अधिकच चिडत. मला तिची माया आहे, तरी सांगतो, त्या चिडत ते बरोबरच होतं.

जानेवारीत हेमकांत शेठने सगळ्यांसमोर तिला बोलावलं. हेमकांत चाळिशीतला, वडिलांनंतर पथारी सांभाळणारा. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे बोलणं जास्त लागतं.

“बाई, आखो एक हाक खोटी पडनी, तं त्या दिनपाइन हाक नथ्थूनी. समजनं?”

“समजनं, शेठ.”

“त्याना मोबाइलमा तासतासनं हवामान दिसस. नुसता तुन्हा मानपान जपाले मी बठेल नही शे.”

नथ्थूने खिशातून मोबाइल काढून उगाच पुसला.

हाक गेली तर काय उरतं, ते सांगायला हवं. पोटाचं म्हणाल तर देठ खुडायचं काम तिला मिळालंच असतं. पण हाकेमुळे ती सुंदरबाई होती. माहेरी-सासरी, लग्नात, बाजारात, लोक तिला थांबवून विचारत, हळद कधी उकडू, पापड कधी घालू. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला आयुष्यात एकच गोष्ट विचारली जात होती, आणि ती पणाला लागली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या तोड्याची मिरची आली. दोन दिवसांपूर्वीच पसरलेली, हाताला अजून मऊ. दुपारी मी तिच्या खाटेशी जाऊन बसलो. हवा ठप्प होती. खांडबाऱ्याच्या बाजूला, डोंगरांवर, चार-पाच लाह्या फुटल्या होत्या.

“त्या मव्हरे सरकतीन का?” मी विचारलं. तिच्याशी बोलताना कधी कधी माझी भाषाही घरची होते.

“आते काय सांगू? दोन वाजाले दखू.”

दोन वाजता पाचाच्या जागी एकच ढग होता आणि तो उभा वाढत होता. कडा अशा ठसठशीत पांढऱ्या की चाकूने कापल्यासारख्या. तीन वाजता त्याच्या माथ्यावरच्या कडा पुसट झाल्या, डोकं केसाळ झालं आणि पूर्वेकडे सपाट पसरू लागलं. बूड काळं-निळं. ऐरण. वारा त्याला आमच्या बाजूला आणत होता.

सुंदरचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. नथ्थू तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला. “दख. ऊन शे. संध्याकायलोंग ऊन शे.”

तिने मोबाइल बाजूला सारला, उठली आणि हाक दिली.

“झाका रे झाकाऽऽ!”

कुणीही हललं नाही. बायांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. दुसऱ्यांदा तिचा आवाज फाटला. सगळे वखारीच्या दारात उभ्या हेमकांतकडे बघू लागले. तो बराच वेळ त्या ढगाकडे बघत राहिला.

“झाका,” तो म्हणाला. “रीत शे. पन बाई, ध्यानमा ठेव.”

मग धावपळ झाली. लाकडी फावड्यांनी मिरची ढिगांत ओढली, ताडपत्र्या पडल्या, दगड ठेवले गेले. शेजारच्या पथाऱ्यांवरही निळ्या-काळ्या ताडपत्र्या पसरू लागल्या. काम संपतंय तोच गार वाऱ्याचा लोट आला. मोठ्या ढगातून पाऊस कोसळू लागला की त्याच्यासोबत थंड हवाही खाली आदळते आणि पावसाच्या पुढे पळत सुटते. पथारीवरची सगळी मिरचीची धूळ उठली. बाया पदर तोंडावर ओढून ताडपत्र्यांच्या कडांवर बसल्या. दक्षिणेला वीज चमकली. आणि पाऊस आम्हाला दिसला. करडा, तिरपा, आभाळापासून जमिनीपर्यंत लोंबणारा, रेल्वेच्या पलीकडे दोन-तीन किलोमीटरवर. तो पूर्वेकडे चालला होता. आमच्याकडे नाही.

असा ढग एका शेताला झोडपतो आणि बांधापलीकडे धूळही बसवत नाही. सुंदरने ढग बरोबर ओळखला होता. जागा चुकली होती.

पण पाऊस सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि डोक्यावर अजून काळोख होता. त्यामुळे पहिल्यांदाच कुणी तिच्यावर हसलं नाही. नथ्थूसुद्धा म्हणाला, “येई. येवानाच शे आते.” हेमकांत खुर्चीवर टेकला. “ऱ्हाऊ द्या झाकेल सकायलोंग. जोखीम नको.”

मी सुटकेचा श्वास टाकला. तिची हाक वाचली होती. आता तिने फक्त गप्प बसायचं होतं.

ती जवळच्या ढिगाशी गेली, ताडपत्रीची कड उचलून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो ओला होता. मग ती मोकळ्यावर जाऊन मान मागे टाकून वर बघत राहिली.

“गुरुजी, हाऊ काळोख पानीना नही शे,” ती हळूच म्हणाली. “हाई ऐरणनं टोक शे. त्यानी सावली. बूड तं तथा रेल्वेना पलीकडे गयं.”

मीही पाहिलं. डोक्यावरच्या ढगाला खाली लोंबणारं काही नव्हतं. उंच, गुळगुळीत, कडेला पिवळसर उजेड. ती म्हणत होती ते मला पटलं, पण शंभर टक्के कोण सांगणार? त्याच्या मागे दुसरा ढग उठला असता तर?

“थोडं थांब,” मी म्हणालो. डिसेंबरात उलटं बोलायला हवं होतं, तेव्हा गप्प बसलेला मीच.

ती माझ्याकडे बघितल्यासारखं करून पुढे गेली.

“उघाडा रे उघाडाऽऽ!”

सगळीकडून एकदम आरडाओरडा झाला. “येडी व्हयनी का ही?” “डोकावर दख ना!” “झाकाडस, उघाडस, आमले काय ढोरं समजनी?” नथ्थू दोन्ही हात पसरून ढिगांपुढे उभा राहिला. “कोन्ही हात नही लावाना!”

हेमकांत खुर्चीवरून उठला. आवाज तसाच खालचा. “बाई, दखी ले. आत्ते उघाडं, म्हंजे अठे पानी पडनं नही आसं तूच सांगी ऱ्हायनी. मंग हाक खोटी पडनी. मी बोलेल शे.”

“पडनी,” सुंदर म्हणाली. “हाक खोटी पडनी, शेठ. मिरची वाफाई ऱ्हायनी. उघाडा.”

कोणी हलेना. मग रूपलीबाई उठली. नथ्थूच्या पसरलेल्या हाताखालून वाकून गेली, पहिला दगड उचलला आणि बाजूला टाकला. सुंदरकडे तिने बघितलंही नाही. तिच्या बाया तिच्या मागे गेल्या.

चार ताडपत्र्या निघाल्या असतील तोच थेंब आले. टपोरे, लांब लांब अंतरावर. एक माझ्या मनगटावर पडला. सगळे हात जागच्या जागी थांबले. धुळीत रुपयाएवढे काळे ठिपके पडत होते आणि कुणीतरी मागून सुंदरच्या माहेरापर्यंतच्या शिव्या देत होतं. ती उभी होती, ओठ मिटून. तिने हाक बदलली नाही.

थेंब थांबले. आले तसेच, काही न सांगता. पश्चिमेला ढगाच्या कडेखालून ऊन आत शिरलं आणि उघडलेली मिरची एकदम पेटल्यासारखी दिसली. ढिगांच्या पोटात ती कोमट होती, ओलसर होती, पण लाल होती. बायांनी ती रात्र पडेपर्यंत पसरली. कुणी सुंदरला बरं म्हटलं नाही. शेजारच्या पथारीवाल्याने तिला ऐकू जाईल असं नथ्थूला सुनावलं, की या बाईने दोनदा घाम गाळायला लावला. हेमकांत एका मूठभर मिरचीचा वास घेऊन वखारीत गेला, जाताना म्हणाला, “सकायपाइन हाक नथ्थूनी.”

शब्दाला पक्का माणूस. मिरची वाचली हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा खाट वखारीच्या भिंतीला उभी करून ठेवलेली होती. सुंदर देठ खुडणाऱ्या बायांच्या कडेला बसली होती, गोलाच्या बाहेर, हातभर अंतरावर. बाया आपसात पावरीत बोलत होत्या. मी रामराम केला. तिने मान हलवली, हात थांबवले नाहीत. बऱ्याच दिवसांनी खुडायला बसल्यामुळे तिची बोटं संथ चालत होती.

गोलात तिच्या सर्वांत जवळ रूपलीबाई होती. खाली बघतच ती म्हणाली, “पयले बी इतकं लवकर उघाडतीस, तं मन्हा हात नही सडता.”

मला वाटलं, आता सुंदर म्हणणार, ढग फसवून गेला.

“हां,” सुंदर म्हणाली. “मन्ही चूक व्हती. माले दुसरा दिनच समजी गयथं.”

दुसऱ्याच दिवशी समजलं होतं, हे तिने त्या बायांसमोर सांगितलं. मला तीन महिन्यांत सांगितलं नव्हतं. रूपलीबाईने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. तिने पायाने देठांची टोपली दोघींच्या मधोमध सरकवली.

“चूक व्हती तं व्हती,” ती म्हणाली. “हात चालव. अर्धा ढीग बाकी शे.”